तेंबेसरांचा शब्द

टाइप करता करता माझी बोटं ‘इंडिफरंट’ या शब्दापाशी थांबली.

“काय झालं?” तेंबेसर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. मशीनचा आवाज थांबला की त्यांना न बघता कळायचं.

“सर, हा शब्द बरोबर आहे ना?”

“कुठला?”

“इंडिफरंट. ‘ॲन इंडिफरंट जज ऑफ मेन अँड बॉइज.’”

“बरोबर आहे. पुढे.”

मी पुढे गेले नाही. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा एप्रिल होता. परीक्षा संपल्या होत्या, शाळेत आम्ही दोघं आणि शिपाई. धानोऱ्याच्या त्या हायस्कूलमध्ये मी दोन वर्षांपूर्वी कारकून म्हणून लागले होते. त्याआधी सात वर्षं तिथेच शिकले होते, तेंबेसरांच्या हाताखाली. सर त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी मुख्याध्यापक कोण, हे संस्थेची समिती रविवारी ठरवणार होती. जाणाऱ्याने येणाऱ्याला निवडू नये, असं सरांचंच म्हणणं होतं, म्हणून ते बैठकीला बसणार नव्हते. त्याऐवजी पत्र देणार होते. पत्र मधुकर ओव्हाळ यांच्याबद्दल होतं.

“सर,” मी म्हटलं, “इंडिफरंट म्हणजे बेफिकीर. लोक तोच अर्थ घेतील.”

सर वळले. त्यांना राग आला नव्हता. उलट असं कुणी विचारलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

“लोकांचा अर्थ शंभर वर्षांचा. मी म्हणतो तो चारशे वर्षांचा.”

सरांचं इंग्रजी जुनं होतं. लहानपणी त्यांच्या गावात एक म्हातारे पाद्री राहत. ते गेले तेव्हा त्यांची पुस्तकांची पेटी सरांच्या वडिलांकडे आली आणि त्या पेटीवर सर इंग्रजी शिकले. बोलायचे ते साधंच, पण लिहायला बसले की पेटीतले शब्द बाहेर यायचे. त्यांची एक जाड वही होती. व्हायलम म्हणजे एके काळी. फेन म्हणजे आनंदाने. सूथ म्हणजे सत्य. बिटाइम्स म्हणजे अगदी वेळेवर, किंवा वेळेच्याही आधी. उशिरा येणाऱ्या मुलाला ते दारातच म्हणायचे, “कम बिटाइम्स.” मुलांना ती शिवी वाटायची. शाळेत त्यांचं नावच बिटाइम्स पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

“सर, मागे प्रिव्हेंटचं काय झालं होतं, आठवतं ना?”

सर हसले. मी लागले त्या वर्षीची गोष्ट. जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते. सरांनी कळवलं, आमचे दोन शिक्षक आपल्याला एसटी स्टँडवर ‘प्रिव्हेंट’ करतील. जुन्या इंग्रजीत प्रिव्हेंट म्हणजे पुढे होऊन सामोरं जाणं. आठ दिवसांत खुलासा मागणारं पत्र आलं: तपासणी अधिकाऱ्यांना स्टँडवर अडवण्यामागे आपला हेतू काय? सरांनी चार पानी खुलासा पाठवला. साहेब आलेच नाहीत.

“साहेबाला कळलं नाही, त्यात शब्दाचा काय दोष?” सर म्हणाले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. “इंडिफरंट म्हणजे ज्याला फरक नाही असा. कशातला फरक? माझा आणि परका, यातला. जुन्या काळी न्यायाधीशाची ही सर्वांत मोठी स्तुती होती. याला मराठीत काय म्हणशील?”

“निःपक्षपाती.”

“खटल्यातला शब्द वाटतो. आपल्याकडे याहून जुना आहे. उदासीन.”

“उदासीन?”

“संस्कृतात उदासीन म्हणजे दोघांच्या भांडणात कुणाच्याच बाजूला न बसलेला. लांब बसून दोघांकडे सारखं बघणारा. आपणही त्याची माती केलीच. आता उदासीन म्हणजे तोंड पाडून बसलेला. गंमत बघ यमुना, त्यांच्या शब्दाचं जे झालं तेच आपल्या शब्दाचं.”

“पण मग साधा शब्द घालू या ना, सर. इम्पार्शल घालू. कुणालाही कळेल.”

“इम्पार्शल कुणालाही लावतात. क्रिकेटच्या पंचालाही.” त्यांनी मशीनवरच्या कागदाकडे बोट केलं. “मधूने गेल्या साली सख्ख्या भावाच्या मुलाला गणितात नापास केलं. सहा गुणांनी. भाऊ महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हता. आणि ज्या घरच्या ओट्यावर मधूच्या बापाला पाय ठेवू देत नव्हते, त्या घरच्या पोराला त्याने पहिला नंबर दिला, कारण पोरगं पहिलं होतं. मी बघत होतो. त्याला नापास करताना वाईट वाटलं नाही आणि पहिला नंबर देताना आपण फार मोठे आहोत असंही वाटलं नाही. याला इम्पार्शल म्हणून भागत नाही. मी अठ्ठावीस वर्षांत हा शब्द कुणाबद्दल लिहिला नव्हता. टाइप कर.”

मी टाइप केलं. वर मूळ, खाली कार्बन.

मधुकर ओव्हाळ हे गणिताचे शिक्षक. तेही सरांचेच विद्यार्थी. मॅट्रिकच्या वर्षी ते सकाळी सहा वाजता सरांच्या घरी इंग्रजी शिकायला जात आणि तिथेच जेवून शाळेत येत. ओव्हाळांचा मुलगा तेंब्यांच्या माजघरात पाटावर बसून जेवतो, याची गावात बरीच चर्चा झाली होती. सरांनी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पुढे ओव्हाळ बी.एससी. झाले, बी.एड. झाले आणि सरांनी त्यांना शाळेत आणलं. आता ते अडतीस वर्षांचे होते आणि दर रविवारी सरांकडे त्यांची फेरी असायची. सरांची मुलगी शैला त्यांना दादा म्हणायची.

दुसरे उमेदवार शिर्के. भूगोल आणि खेळ शिकवायचे. माणूस चांगला होता. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब निकुंभ यांच्या साडूचे ते चिरंजीव, एवढीच त्यांची अडचण म्हणायची तर अडचण, नाही तर सोय.

रविवारी दहा वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक भरली. पाच जण होते. मी कोपऱ्यात इतिवृत्ताची वही घेऊन बसले. विषयपत्रिका मीच टाइप केली होती. विषय क्रमांक तीन, मुख्याध्यापकांची नेमणूक. विषय क्रमांक चार, लिपिक कुमारी यमुना खैरनार यांना सेवेत कायम करणे.

आत जाताना भाऊसाहेब दारात मला म्हणाले होते, “बाई, आज तुमचाबी विषय आहे ना?” त्यात धमकी नव्हती. त्यांनी सहज विचारलं होतं आणि मी “हो” म्हटलं होतं.

तिसऱ्या विषयावर तासभर बोलणं झालं. दोघं ओव्हाळांच्या बाजूचे, दोघं शिर्क्यांच्या. ओव्हाळांच्या बाजूने लोढा वकील जोर लावत होते. शेवटी सगळे भाऊसाहेबांकडे बघायला लागले. भाऊसाहेबांना मनातून काय हवं आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते म्हणाले, “मी बोललो तर लोक म्हणतील, साडूचा पोरगा बसवला. तेंबे मास्तरांनी अठ्ठावीस वर्षं ही शाळा सांभाळली. त्यांचं पत्र आलंय. त्यात असेल त्याला माझं मत.”

लोढा वकिलांना एवढंच हवं होतं. “आणा,” म्हणाले आणि पाकीट फोडून उभ्याउभ्याच वाचायला लागले. एक वाक्य इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे. मधुकर ओव्हाळ यांना मी बावीस वर्षं ओळखतो. विषयावर प्रभुत्व आहे. वेळेचे पक्के आहेत. भाऊसाहेब मान हलवत होते. शिर्क्यांच्या बाजूचे दोघं गप्प झाले होते.

मग वकील थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा मनातल्या मनात वाचलं. ओठ हलताना मला दिसले.

“काय लिहिलंय?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“एक मिनिट.” वकिलांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, हे तुम्ही टाइप केलंत?”

“हो.”

“इथे इंडिफरंट असं आहे. टायपिंगची चूक आहे का ही? ‘डिफरंट’ असेल, किंवा दुसरं काही?”

त्यांनी मला वाट करून दिली होती. मी चूक म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे पेनाने शब्द बदलला असता.

“चूक नाही,” मी म्हटलं. “सरांनी तोच शब्द सांगितला.”

“मग सरांना काय म्हणायचंय? अर्थ काय सांगितला त्यांनी?”

पाचही जण माझ्याकडे बघत होते. भाऊसाहेबांच्या पुढ्यात विषयपत्रिका होती आणि त्यांचं बोट चार या आकड्याखाली होतं. ते मुद्दाम ठेवलं होतं असं मी म्हणणार नाही. बोट कुठे तरी असतंच.

“उदासीन,” मी म्हटलं.

“उदासीन?”

“हो.”

“म्हणजे कामात लक्ष नसलेला?”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. वहीत बघत राहिले. शिर्क्यांच्या बाजूच्या एका सभासदाने विचारलं, “मास्तर स्वतःच लिहितात का असं?” वकिलांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि ते खाली बसले. पुढचं वाक्य त्यांनी वाचलंच नाही. पुढच्या वाक्यात त्या भावाच्या मुलाची गोष्ट होती.

भाऊसाहेबांनी टेबलावरचं पत्र बाजूला सारलं. मग म्हणाले, “मला मास्तरांकडून ही अपेक्षा नव्हती. पण मास्तर खोटं लिहिणार नाहीत.”

शिर्के तीन विरुद्ध दोन मतांनी मुख्याध्यापक झाले. विषय क्रमांक चारला अर्धं मिनिट लागलं. ठराव मी माझ्याच हाताने लिहिला: सर्वानुमते मंजूर.

दुपारी मी सरांच्या घरी गेले. मी येणार हे ठरलेलंच होतं. सर ओसरीत बसले होते.

“मधू ना?” त्यांनी विचारलं.

“शिर्के सर.”

“पत्र वाचलं त्यांनी?”

“वाचलं. लोढा वकिलांनी मोठ्याने वाचून दाखवलं.”

“आणि?”

“नंतर मतं घेतली.”

“मग माझ्या शब्दाला किंमत उरली नाही म्हणायची,” सर म्हणाले. त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

मंगळवारी ओव्हाळसर ऑफिसात आले. नेहमी यायचे तसेच, पांढरा शर्ट, खिशाला खडूचे जुने डाग. दार त्यांनी ओढून घेतलं.

“खैरनारबाई, सरांच्या पत्राची कार्बन तुमच्याकडे असेल.”

“आहे.”

“बघायला मिळेल?”

फाईल काढून मी कागद दिला. त्यांनी तो वरपासून वाचायला सुरुवात केली आणि त्या शब्दापाशी आले तसे थांबले. शब्दावर बोट ठेवून विचारलं, “हा सरांचाच?”

“हो.”

“तुमची काही चूक?”

“नाही.”

“मी डिक्शनरीत बघितला. बेफिकीर. उदासीन. सामान्य प्रतीचा, असाही एक अर्थ आहे.” त्यांनी बघितली ती शाळेच्या कपाटातली छोटी डिक्शनरी होती, मुलांना देतात ती. “बावीस वर्षं म्हटलंय. बावीस वर्षं ओळखतो, असं वर लिहिलंय.”

“सर, तुम्ही त्यांना भेटून...”

“भेटून काय विचारायचं? लिहिलंय ना?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मला तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी ऐकून घेतलं असतं.”

पुढची वाक्यं त्यांनी वाचली नाहीत. त्या शब्दापुढे कुणीच गेलं नाही, वकीलही नाहीत आणि तेही नाहीत. मी हात पुढे केला, त्यांनी कागद परत दिला आणि मी तो फाईलला लावला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यांचा राजीनामा आलेला होता. परभणीकडे एका शाळेत त्यांना जागा मिळाली होती. गाव सोडताना ते सरांना भेटले नाहीत. सरांनी त्यांना पाठोपाठ दोन पत्रं लिहिली. दोन्ही मी पोस्टात टाकली. उत्तर आलं नाही.

शिर्के चांगले मुख्याध्यापक निघाले, हेही सांगायला हवं. शाळेला मैदान त्यांच्यामुळे मिळालं.

सरांना काचबिंदू झाला. आधी उजवा डोळा गेला, मग डावा मंद होत गेला. सरांच्या पत्नी पूर्वीच वारल्या होत्या आणि शैला लग्न होऊन नाशिकला होती. आठवड्यातले काही दिवस शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायची आणि वाचून दाखवायची. वर्तमानपत्र थोडंसं. बाकीचा वेळ ती जाड वही. सर शब्द सांगायचे, मी मोठ्या कोशात शोधून अर्थ वाचायची आणि वहीत उतरवून घ्यायची. नाइस म्हणजे एके काळी मूर्ख. लेट म्हणजे एके काळी अडवणं, आज परवानगी देणं. असा उलटलेला शब्द सापडला की सर खूष व्हायचे. म्हणायचे, “माणूस जितका उलटत नाही तितका शब्द उलटतो.”

आय या अक्षरापाशी आम्ही जवळजवळ महिनाभर होतो. इंडिफरंट त्यांनी उतरवून घ्यायला सांगितला नाही.

एकदा मधेच म्हणाले, “यमुना, मी मधूला कधी लागेल असं काही बोललो होतो का गं?”

“नाही, सर.”

“गाव सोडताना तुला तो काही बोलला?”

“नाही.”

त्याआधी एप्रिलमध्ये ओव्हाळसरांनी मला काय विचारलं होतं, हे सरांनी विचारलं नव्हतं. त्या काळात मी कुणालाही खोटं उत्तर दिलं नाही. प्रश्नाएवढंच उत्तर देण्याची मला सवय लागली होती आणि लोक नेमका तो प्रश्न विचारत नसत.

सर एकोणऐंशीच्या श्रावणात गेले. शैलाने परभणीला तार केली. ओव्हाळसर आले नाहीत. शैला दोन दिवस दाराकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मोठा माणूस झाला असेल.” त्यानंतर तिने त्यांचं नाव घेतलं नाही.

मी छत्तीस वर्षं त्या शाळेत नोकरी केली. लग्न केलं नाही, दोघी धाकट्या बहिणींची केली. हेडक्लार्क झाले. दोन हजार आठ साली निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल मिळाली. दुसऱ्याच महिन्यात मी परभणीचं तिकीट काढलं. तेव्हाच का काढलं, मला सांगता येणार नाही. नोकरी संपली होती, एवढंच.

ओव्हाळसर बहात्तर वर्षांचे झाले होते. केस पूर्ण पांढरे, पण पाठ ताठ. त्यांनी मला लगेच ओळखलं. त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंनी पाणी आणलं. मी पाण्याला हात लावला नाही. आधी सांगून टाकते म्हटलं आणि बसल्या बसल्या सगळं सांगितलं: पत्र, त्या दिवशी सरांनी सांगितलेला अर्थ, बैठक, वकिलांनी विचारलेले दोन्ही प्रश्न, माझं उत्तर आणि विषय क्रमांक चार.

ते खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “सरांनी काय अर्थ सांगितला, तेवढं परत सांगा.”

मी परत सांगितलं.

“भावाच्या मुलाचं ते म्हणाले होते?”

“पत्रात होतं. त्या शब्दाच्या पुढच्याच वाक्यात. तुम्ही त्या शब्दाशी थांबलात.”

“तुम्ही म्हणाला नाहीत, पुढे वाचा म्हणून.”

“नाही.”

त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अहो, बाहेर या जरा.” कौसल्याबाई आल्या. “खैरनारबाई, यांना सांगा. सरांनी माझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते.”

मी तिसऱ्यांदा सांगितलं. कौसल्याबाई पदराला हात पुसत ऐकत होत्या. “आमच्याकडे तर चौतीस वर्षं वेगळंच चालू आहे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मुलांचे निकाल लागले तरी तुम्ही म्हणायचात, मी बापडा इंडिफरंट माणूस, मला काय विचारता.”

ओव्हाळसर उठले आणि खिडकीचं दार उगाच उघडून पुन्हा लावून आले.

“तार आली तेव्हा मी वर्गावर होतो,” ते म्हणाले. “शिपायाने आणून दिली. वाचली, खिशात घातली. तो तास पूर्ण केला. मग पुढचाही घेतला.”

“त्या दिवशी जेवले नव्हते,” कौसल्याबाई म्हणाल्या.

“ते सांगू नका.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सरांची ती दोन पत्रं आली होती. मी फोडली नाहीत. फोडली असती तर कळलं असतं का?”

“मला माहीत नाही, सर. ती मी टाइप केली नव्हती. हाताने लिहिली होती त्यांनी.”

“कुठे आहेत तीसुद्धा मला आता सांगता येणार नाही.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, आता ते मला जायला सांगतील. मी त्यासाठीच आले होते म्हटलं तरी चालेल.

“शैलाला हे माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“नाशिकलाच असते?”

“हो.”

“तिने तार केली. मी आलो नाही. तिला काय वाटलं असेल, ते मला एवढी वर्षं ठाऊक आहे आणि मी म्हणत होतो, वाटू दे.” ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. “रविवारी जाऊ. मी येतो. पण मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.”

रविवारी आम्ही नाशिकच्या स्टँडवर भेटलो. ते रात्रभर प्रवास करून आले होते, मी सकाळच्या गाडीने. शैलाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबत होते. मी बेल वाजवली.

शैलाने दार उघडलं. तिचेही केस पांढरे झाले होते. तिने मला ओळखलं, “अगं यमुना!” म्हणाली आणि मग माझ्या मागे बघितलं. ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर तिचा चेहरा बदलला. “या” म्हणाली, पण दारातून बाजूला झाली नाही.

“आधी यांचं ऐक,” ओव्हाळसर म्हणाले. “मग मला आत घ्यायचं की नाही ते ठरव.”

म्हणून मी दारातच सांगितलं. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, त्यामुळे मला मोठ्याने बोलावं लागलं. इंडिफरंट म्हणजे काय, ते सांगितलं. उदासीन म्हणजे काय, तेही सांगितलं. मी कोणता शब्द वापरला आणि कोणता अर्थ सांगितला नाही, ते सांगितलं. यांना काय वाटलं आणि हे का आले नाहीत, ते सांगितलं. सर शेवटपर्यंत विचारत होते, हेही सांगितलं. ते सांगायचं नव्हतं मला, पण तोंडातून गेलं.

शैलाने ओव्हाळसरांचा हात धरला. “दादा, आत ये,” म्हणाली. ते वाकून सँडल काढायला लागले. बंद सुटेना, तेव्हा ती खाली बसली आणि तिने तो सोडला. ते आत गेले. समोरच्या भिंतीवर सरांचा फोटो होता. ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.

मी उंबऱ्याबाहेरच होते. शैला उठली, दाराला हात टेकून माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता असं मला वाटलं नाही. ती काही तरी मोजत होती.

“यमुना,” ती म्हणाली, “बाबांचे डोळे गेल्यावर तू रोज यायचीस ना त्यांच्याकडे?”

“रोज नाही,” मी म्हटलं. “मंगळवारी आणि शुक्रवारी.”